सॅन जॅसिंटोच्या जंगलवाटा: परमिट कोणाचं, कागद कोणते?

मुलाकडे किंवा मुलीकडे कॅलिफोर्नियाला जाऊन आलेले आई-बाबा नागपुरात आता प्रत्येक कॉलनीत भेटतात. लॉस एंजेलिस बघून झालं की घरातलं कोणीतरी पाम स्प्रिंग्जचं नाव काढतं. वाळवंटातलं गाव, उन्हाळ्यात पारा आपल्यासारखाच पंचेचाळीसला टेकणारा. पण गावाच्या अगदी डोक्यावर सॅन जॅसिंटोची रांग उभी आहे आणि तिच्या माथ्यावर पाइन-फरचं दाट जंगल आहे. मुख्य शिखर ३३०२ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट. खाली घामाच्या धारा लागलेल्या असताना वर स्वेटर घालावा लागतो.

पेंच-ताडोबाची सवय असलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बुकिंग किती महिने आधी, आधार चालेल का, गेटवर मूळ ओळखपत्र दाखवायचं का? इथलं गणित वेगळं आहे. दिवसभर चालून संध्याकाळी खाली यायचं असेल तर परमिट फुकट मिळतं. पात्रतेची अट जवळपास नाहीच. नागरिक असो वा टुरिस्ट व्हिसावर आलेला पाहुणा, सगळ्यांना एकच नियम. पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा लागत नाही. मात्र हा डोंगर एका खात्याचा नाही, आणि लोक अडकतात ते इथेच.

माथ्याकडचा मोठा भाग कॅलिफोर्निया राज्याच्या माउंट सॅन जॅसिंटो स्टेट पार्कचा आहे. त्याच्या आजूबाजूचं जंगल केंद्राच्या वन खात्याचं, म्हणजे सॅन बर्नार्डिनो नॅशनल फॉरेस्टचं. पायथ्याच्या पाणथळ दऱ्यांपैकी इंडियन कॅनियन्स आणि टाकीट्झ कॅनियन या अग्वा कॅलिएंते काहुइला या मूळनिवासी जमातीच्या मालकीच्या आहेत. तेव्हा आधी वाट ठरवा, मग त्या वाटेची जमीन कोणाची ते बघा. परमिट कुठून घ्यायचं हे त्यावरून ठरतं.

बहुतेक पाहुणे जातात ते पाम स्प्रिंग्जच्या केबल कारने, तिथे तिला ट्रामवे म्हणतात. १९६३ पासून ती चालू आहे. खालचं स्टेशन साधारण ८०० मीटरवर आणि वरचं जवळजवळ २६०० मीटरवर. हे अंतर दहा-बारा मिनिटांत कापलं जातं आणि तेवढ्यात डब्याची फरशी स्वतःभोवती दोन फेऱ्या घेते. चक्कर येणाऱ्यांनी मधे उभं राहावं. ट्रामचं तिकीट वेगळं, परमिट वेगळं. तिकीट काढलं म्हणजे जंगलात जायची परवानगी मिळाली, असं नाही.

वर उतरल्यावर फरसबंदी नागमोडी उताराने खाली लाँग व्हॅलीत या. (परतताना हाच उतार चढ होतो आणि दमलेल्या पायांना तोच सगळ्यात जास्त खुपतो.) लाँग व्हॅलीतली छोटी नेचर ट्रेल किंवा अडीचेक किलोमीटरची डेझर्ट व्ह्यू ट्रेल करायची असेल तर परमिट लागत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर एवढंच करा, खालचं अख्खं वाळवंट त्या कड्यांवरून दिसतं. राउंड व्हॅली, वेलमन डिव्हाइड किंवा शिखराकडे जायचं असेल तर मात्र रेंजर स्टेशनवर थांबायचं.

तिथे फॉर्म ठेवलेले असतात आणि ते आपणच भरायचे. एका गटाला एक फॉर्म पुरतो. गटप्रमुखाचं नाव-पत्ता, किती जण, कुठून शिरणार, कुठपर्यंत जाणार, कुठून बाहेर पडणार, गाडीचा नंबर. गाडी मुलाची असेल तर नंबर प्लेटचा फोटो सकाळीच मोबाइलमध्ये काढून ठेवा, वर पोचल्यावर तो नंबर कोणालाच आठवत नाही. फोनच्या रकान्यात आपला नागपूरचा नंबर लिहून उपयोग नाही, तिथे राहणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा लिहा. एक प्रत तिथे राहते, दुसरी खिशात ठेवायची. रेंजरने वाटेत विचारली तर दाखवायची. हे कागदी सोपस्कार वाटतील, पण संध्याकाळी कोणी परतलं नाही तर शोध कुठून सुरू करायचा ते याच चिठ्ठीवरून कळतं. म्हणून ‘बघू, जमेल तिथपर्यंत’ असं लिहू नका, ठिकाणाचं नाव लिहा.

राउंड व्हॅलीचा फेरा सात-आठ किलोमीटरचा, रोज अंबाझरीला चालायला जाणाऱ्याला जमण्यासारखा. शिखर वेगळं. जाऊन-येऊन सुमारे १८ किलोमीटर आणि सातशे मीटर चढ, तोही विरळ हवेत. नागपूर तीनशे मीटरवर आहे. अडीच हजार मीटरवर डोकं दुखणं, मळमळणं कोणालाही होऊ शकतं, आणि बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. मेडिकल सर्टिफिकेट कोणी मागत नाही, त्यामुळे ही जबाबदारी आपलीच.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आयडिलवाइल्ड नावाचं छोटं गाव आहे, तिथे गाडीने जाता येतं. तिथून निघणाऱ्या वाटांपैकी सगळ्यात लोकप्रिय डेव्हिल्स स्लाइड. ही वन खात्याच्या हद्दीतली. परमिट आयडिलवाइल्ड रेंजर स्टेशनचं, दिवसाचं असेल तर तेही फुकट. अडचण एकच: मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी या वाटेवर माणसांचा कोटा असतो. नेमके तेच दिवस आपल्या मंडळींच्या मुक्कामाचे. मुलांना सुट्टी शनिवार-रविवारीच असते हे खरं, पण जमत असेल तर मंगळवार-बुधवार गाठा.

गट मोठा असेल तर आकड्याकडे लक्ष द्या. वन खात्याच्या हद्दीत एका गटात जास्तीत जास्त बारा जण, स्टेट पार्कमध्ये पंधरा. दोन मराठी कुटुंबं आणि त्यांचे पाहुणे मिळून हा आकडा सहज ओलांडला जातो. कुत्रा सोबत न्यायचा तर स्टेट पार्कमध्ये बंदी, वन खात्याच्या वाटेवर साखळीला बांधून चालतो.

रात्र जंगलात काढायची असेल तर मामला कडक होतो. ज्या खात्याच्या जमिनीवर तंबू लावणार त्याच खात्याचं मुक्कामाचं परमिट हवं, दुसऱ्याचं चालत नाही. स्टेट पार्कमध्ये राउंड व्हॅली, टॅमरॅक व्हॅली, लिटल राउंड व्हॅली आणि स्ट्रॉबेरी जंक्शन एवढ्याच ठिकाणी मुक्काम करता येतो. त्यासाठी आगाऊ अर्ज करावा लागतो आणि माणशी शुल्क भरावं लागतं. शेकोटी पेटवायची नाही. चहा करायचा तर गॅसचा छोटा स्टोव्ह.

जमातीच्या दऱ्यांसाठी अर्ज वगैरे नाही, नाक्यावर प्रवेश शुल्क भरा आणि आत जा. तिथे नियम त्यांचे, खात्यांचे नव्हेत.

ज्यांचा व्हिसाच व्हायचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हा प्रवास बी-२ म्हणजे टुरिस्ट व्हिसावर होतो. डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म इंग्रजीत भरायचा, फी १८५ डॉलर, फोटो दोन इंची चौरस, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्मा काढून. आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे, मग वकिलातीत मुलाखत. नागपूरकर सवयीने मुंबईच धरतात, पण हैदराबादची वकिलातही चालते आणि ती आपल्याला जवळ आहे. दोन्हीकडच्या तारखा बघून मगच ठरवा. पेन्शनचे कागद, बँक स्टेटमेंट, मुलाचं पत्र फायलीत असू द्या, पण अधिकारी ती फाइल उघडेलच असं नाही. तो विचारतो ते थेट: कोणाकडे जाताय, किती दिवस, परत कधी. उत्तर फॉर्ममध्ये लिहिलंय तेच हवं. ‘डोंगर चढायला जातोय’ म्हणून तिथे गोष्ट रंगवू नका. मुलाकडे राहणार, आजूबाजूला फिरणार, एवढं खरं आणि पुरेसं आहे.

एक वाट मात्र कोणी कितीही व्हिडिओ दाखवले तरी उन्हाळ्यात धरायची नाही: पाम स्प्रिंग्ज गावातून थेट वाळवंट चढून ट्रामच्या वरच्या स्टेशनपर्यंत जाणारी स्कायलाइन ट्रेल. अडीच हजार मीटरच्या आसपास चढ, वाटेत पाणी नाही, आणि उष्माघाताने तिथे माणसं दगावली आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी तपासा. ट्राम साधारण सप्टेंबरात देखभालीसाठी काही आठवडे बंद असते. आणि वणव्यानंतर वाटा बंद ठेवतात. २०१३ चा माउंटन फायर आणि २०१८ चा क्रॅन्स्टन फायर या दोन्हींनंतर इथल्या वाटांना बराच काळ टाळं होतं. बंदीचा आदेश निघाला असेल तर हातातल्या परमिटला अर्थ राहत नाही. अशा वेळी रेंजर स्टेशनला फोन करून कोणती वाट उघडी आहे ते विचारा आणि त्याच वाटेचा फॉर्म भरा.