सेल्सिअस की फॅरेनहाइट: सिम्युलेटरच्या हवामानातल्या एका सेटिंगची पार्श्वभूमी

फ्लाइट सिम्युलेटरला, म्हणजे संगणकावर विमान उडवून पाहण्याच्या प्रोग्रॅमला, हवामान पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचे एकक निवडण्याचा पर्याय बहुधा सेटिंगच्या कोपऱ्यात असतो. काही ठिकाणी तो नसतोच. नसला की अमेरिकेतले वापरकर्ते कुरकुरतात. असला तरी दाखवलेले अंश स्थानिक हवामान खात्याच्या आकड्याशी एका अंशाने का जुळत नाहीत, हा प्रश्न येतोच. वरवर हा सवयीचा वाद वाटतो. पण त्यातला बराचसा गुंता १ जुलै १९९६ या एका तारखेपाशी जाऊन पोचतो.

मोजपट्ट्या अर्थातच त्याहून कितीतरी जुन्या. दानझिगमध्ये जन्मलेला आणि अॅम्स्टरडॅममध्ये उपकरणे बनवणारा डॅनिएल गॅब्रिएल फॅरेनहाइट याने आपली पट्टी १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला ०, बर्फ-पाण्याला ३२ आणि माणसाच्या अंगाच्या उष्णतेला ९६. स्वीडनमधल्या उप्सालाचा खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस याने १७४२ मध्ये शंभर भागांची पट्टी सुचवली, पण उलटी: पाणी उकळते तिथे ० आणि गोठते तिथे १००. १७४४ मध्ये तो वारल्यानंतर ती सुलटी झाली. ‘सेंटिग्रेड’ऐवजी त्याचे नाव अधिकृतपणे १९४८ मध्ये दिले गेले.

विमानवाहतुकीत आंतरराष्ट्रीय पातळीवर तापमान सेल्सिअसमध्येच सांगितले जाते. १९४४ च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या पाचव्या परिशिष्टात एककांचे नियम आहेत. गंमत अशी की त्याच परिशिष्टाने उंचीसाठी फूट, वेगासाठी नॉट आणि अंतरासाठी नॉटिकल मैल यांनाही ‘तूर्त’ मुभा दिली, आणि ही मुभा कधी संपणार याची तारीख आजवर ठरलेली नाही. म्हणजे वैमानिकाचे जग पहिल्यापासून मिश्र आहे. उंची फुटांत, तापमान सेल्सिअसमध्ये, आणि दोन्ही एकाच वाक्यात.

अमेरिकेत हे मिश्रण आणखी विचित्र होते. विमानतळावरच्या हवामानाची नोंद कळवणारा ‘मेटार’ हा संकेत इतर देशांत १९६८ पासून रुळत गेला, पण अमेरिकेचा स्वतःचा वेगळा निरीक्षण-संकेत होता आणि त्यात जमिनीवरचे तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) फॅरेनहाइटमध्ये येत. वरच्या थरांतल्या वाऱ्यांच्या आणि तापमानाच्या अंदाजात मात्र सेल्सिअसच असे. एकाच उड्डाणाची तयारी करणारा वैमानिक धावपट्टीसाठी एक पट्टी आणि नऊ हजार फुटांसाठी दुसरी वापरत होता. १ जुलै १९९६ ला अमेरिकेने मेटार स्वीकारला आणि जमिनीवरचे आकडेही सेल्सिअसमध्ये आले. तेव्हाही बदल अर्धाच झाला. हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत राहिला, दृश्यमानता मैलांत राहिली, आणि दूरचित्रवाणीवरचे हवामान फॅरेनहाइटमध्ये. कॅनडाने आपल्या जनतेचे हवामान १ एप्रिल १९७५ लाच सेल्सिअसमध्ये नेले होते, त्यामुळे तिथे ही फूट पडली नाही.

सिम्युलेटरमध्ये खरे हवामान नेमके याच सुमारास आले. ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीच्या सुरुवातीच्या सिम्युलेटरपासून बरीच वर्षे ढग आणि वारा वापरणाऱ्यानेच हाताने भरायचा असे. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर २००० पासून इंटरनेटवरून प्रत्यक्ष हवामान उतरवून घेता येऊ लागले, आणि अॅक्टिव्ह स्कायसारख्या बाहेरच्या प्रोग्रॅमनी ते काम पुढे अधिक बारकाईने केले. या सगळ्यांचा कच्चा माल मेटार. तो जगभर सेल्सिअसमध्ये असल्याने प्रोग्रॅमच्या पोटातही सेल्सिअसच बसला. हेच चार-पाच वर्षे आधी घडले असते, तर अमेरिकी विमानतळांचे आकडे फॅरेनहाइटमध्ये आले असते आणि या प्रोग्रॅमना दोन्ही प्रकारचे निरोप वाचावे लागले असते.

सिम्युलेटरच्या आत मात्र सगळे एकजिनसी नाही. एफएसयूआयपीसी या जोड-प्रोग्रॅममधून बाहेरच्या हवेचे तापमान मिळते ते सेल्सिअस गुणिले २५६ अशा पूर्णांकात. बाहेरच्या प्रोग्रॅमना सिम्युलेटरशी जोडणाऱ्या सिमकनेक्टच्या कागदपत्रांत भोवतालच्या हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये आहे, पण त्या उंचीवरचे प्रमाण तापमान आणि इंजिनमधल्या तेलाचे तापमान रँकिनमध्ये! रँकिन म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेले फॅरेनहाइटच्या आकाराचे अंश. अभियंत्यांच्या सूत्रांना ते सोयीचे असते. बाकी कुणाला असते, असे मला वाटत नाही.

आता त्या एका अंशाच्या फरकाकडे. मेटारच्या मुख्य भागात तापमान पूर्ण अंशांत असते, उदाहरणार्थ १७/१६, म्हणजे तापमान १७, दवबिंदू १६. सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरेनहाइटचे १.८, म्हणून पूर्ण अंशांवरून रूपांतर केले की मधले काही आकडे कधीच दिसत नाहीत. १६ चे ६१ होतात, १७ चे ६३, ६२ गायब. अमेरिकी मेटारच्या शेवटी शेऱ्यांमध्ये एक जादा गट येतो: टी०१७२०१५६. याचा अर्थ तापमान १७.२, दवबिंदू १५.६. आणि इथे खरी मेख आहे. अमेरिकेतली स्वयंचलित विमानतळ-केंद्रे पाच मिनिटांची सरासरी आधी पूर्ण फॅरेनहाइट अंशात बसवतात आणि मग तिचे सेल्सिअसच्या दशांशात रूपांतर करतात. १७.२ म्हणजे मुळातले ६३ आणि १५.६ म्हणजे मुळातले ६०. मुख्य भागातल्या १६ वरून दवबिंदू काढणारा प्रोग्रॅम ६१ दाखवतो, मूळ आकडा ६०. म्हणजे फॅरेनहाइट मागणारा अमेरिकी वापरकर्ता मोजलेला आकडाच परत मागत असतो, आणि प्रोग्रॅमने टी-गट वाचला तर तो बिनचूक देताही येतो.

हा फरक नुसता दिसण्यापुरता नाही. तापमान आणि दवबिंदू यांतल्या अंतरावरून ढगांचा तळ ढोबळमानाने काढतात: सेल्सिअसमधल्या अंतराला २.५ ने भागले की हजार फुटांत उत्तर. मुख्य भागातल्या एका अंशाच्या अंतरावरून ४०० फूट येतात, टी-गटातल्या १.६ वरून ६४०. धावपट्टीकडे खाली येणाऱ्याला हा फरक जाणवतोच. फॅरेनहाइटसाठी भाजक ४.४ घ्यावा लागतो, आणि जुन्या अमेरिकी वैमानिकांच्या डोक्यात तोच आकडा पक्का बसलेला असतो.

इथेच एक जुनी चूक पुन्हापुन्हा होते. तापमानाचे रूपांतर करताना १.८ ने गुणून ३२ मिळवतात. पण दोन तापमानांतल्या अंतराचे करताना फक्त गुणायचे असते. तीन अंश सेल्सिअसचे अंतर ५.४ फॅरेनहाइट होते. सरसकट एकच सूत्र चालवणारा प्रोग्रॅम ३७.४ दाखवतो.

विमानाच्या कामगिरीच्या हिशोबात सेल्सिअसचा वरचष्मा आहे. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशोबासाठी ठरवलेल्या सरासरी वातावरणात, समुद्रसपाटीला १५ अंश, आणि दर हजार फुटांना साधारण २ अंश घट. पाच हजार फुटांवरच्या विमानतळावर त्यामुळे ५ अंश अपेक्षित. तिथे ३० असले तर फरक २५. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले की विमानाला ती हवा आठ हजार फुटांसारखी लागते. हे तोंडी जमते. फॅरेनहाइटमध्ये ८६ वजा ४१ आणि मग दर अंशाला ६७ फूट, हेही जमते, पण कुणी आपणहून करत नाही. बर्फ धरण्याचा धोकाही शून्याच्या आसपास आणि खाली असतो, तेव्हा उणे चिन्ह दिसणे हीच सूचना. मेटारमध्ये ते चिन्ह ‘एम’ अक्षराने येते: एम०५ म्हणजे उणे ५.

तरी कॉकपिटमधून फॅरेनहाइट गेलेला नाही. डिजिटल पडदे असलेल्या सेस्ना १७२ या छोट्या विमानात बाहेरच्या हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये दिसते, आणि त्याच पडद्यावर तेलाचे तापमान फॅरेनहाइटमध्ये, नेहमीच्या मर्यादेचा हिरवा पट्टा १०० ते २४५. म्हणून ‘मेट्रिक’ की ‘अमेरिकी’ असा सगळ्या एककांना एकत्र बांधणारा एकच खटका सिम्युलेटरमध्ये निरुपयोगी ठरतो. मेट्रिक निवडले की तापमानाबरोबर उंचीही मीटरमध्ये जाते, आणि ती जगातल्या बहुतेक आकाशात कुणी वापरत नाही. अमेरिकी निवडले की उंची बरोबर येते, पण हवेचे तापमान अशा एककात दिसते, ज्यात अमेरिकेतलाही हवाई नियंत्रक ते सांगत नाही. तापमान, दाब, दृश्यमानता आणि उंची यांचे खटके वेगळे ठेवणारे प्रोग्रॅम सेटिंगच्या पानावर गिचमीड दिसतात, पण खरा अमेरिकी मेटारही तसाच आहे: त्याच ओळीत मैलांतली दृश्यमानता, सेल्सिअसमधले तापमान आणि ए२९९२, म्हणजे पाऱ्याचे २९.९२ इंच.