ब्रँडची वही आणि कंपनीचा शब्द

ब्रँडचा विषय निघाला की कंपनीत पहिली फाइल उघडते ती लोगोची. रंग कोणता, अक्षरं कुठली, लोगोभोवती जागा किती सोडायची. तक्रार आल्यावर कसं वागायचं, हे त्या फाइलमध्ये सहसा नसतं. सातत्य एका खात्याकडे आणि सचोटी कुणाकडेच नाही, ही वाटणी मात्र सुरुवातीपासूनची नाही.

‘ब्रँड’ या शब्दाचं मूळ जाळण्यात आहे. तापलेल्या लोखंडाने गुरांना दिलेला डाग जनावर कुणाचं ते सांगायचा, बस. पुढे कारखान्यांचा माल लांब जाऊ लागला, करणारा आणि घेणारा यांची गाठ पडेनाशी झाली, तेव्हा त्या खुणेवर दुसरी जबाबदारी आली: माल वाईट निघाला तर कुणाला धरायचं, ते सांगण्याची. ब्रिटनने १८७५ मध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा केला. १ जानेवारी १८७६ रोजी पहिल्या क्रमांकावर नोंदला गेला तो बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण.

सगळीकडे एकच रूप, ही कल्पना त्यानंतरची. १९०७ मध्ये जर्मनीच्या एईजी या वीजकंपनीने पेटर बेरेन्स यांना कलासल्लागार म्हणून नेमलं. त्यांनी लोगो केला, जाहिराती आणि कॅटलॉग केले, बर्लिनमधला टर्बाइनचा कारखानाही उभा केला. त्यांच्या विजेच्या किटल्या पाहण्यासारख्या आहेत. आकार मोजकेच, झाकणं आणि मुठी एकमेकींना चालणाऱ्या, धातू आणि झिलई तेवढी वेगळी. म्हणजे एकसारखेपणा वरून लावलेला नव्हता, वस्तू बनवण्याच्या पद्धतीतच होता. मला हे उदाहरण म्हणूनच आवडतं.

१९५६ मध्ये आयबीएम या संगणक कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन ज्युनियर यांनी एलियट नॉइस यांना डिझाइन सल्लागार म्हणून बोलावलं. नॉइस यांच्यासोबत ग्राफिक डिझायनर पॉल रँड आले आणि नवा लोगो आला. नॉइस इमारती आणि यंत्रंही पाहत होते, पण नक्कल करायला सोपी होती ती लोगो कसा वापरायचा याच्या नियमांची वही. पुढे बहुतेक कंपन्यांनी तेवढीच उचलली.

वही चोख पाळूनही काय होतं, ते २०१५ मध्ये दिसलं. फोक्सवॅगन ‘स्वच्छ डिझेल’ची जाहिरात करत होती, आणि चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं. लोगो सगळ्या गाड्यांवर अगदी मापात बसलेला.

याउलट १९८२ चं प्रकरण. शिकागो परिसरात जॉन्सन अँड जॉन्सनच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, सात जण दगावले. कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि नंतर छेडछाड केल्यास कळेल अशा वेष्टनात औषध पुन्हा आणलं. कंपनीकडे १९४३ मध्ये लिहिलेला एक पानी जाहीरनामा होता. त्यात डॉक्टर, रुग्ण, माता आधी येतात, भागधारक सर्वांत शेवटी. त्या आठवड्यांत कागद आणि कृती एकाच ओळीत होत्या.

पुढे याच कंपनीवर टाल्कम पावडरमुळे कर्करोग झाल्याचे हजारो दावे दाखल झाले. कंपनी आरोप नाकारत राहिली, पण २०२० मध्ये अमेरिका आणि कॅनडात, तर २०२३ मध्ये जगभर तिने टाल्कची बेबी पावडर विकणं थांबवलं. जाहीरनाम्यातला भागधारकांचा क्रम या सगळ्या काळात शेवटचाच होता.