तौसुग आणि बजाऊ: शेजारी एक, मूळ वेगळं

लाकडी गॉगल लावून एका दमात समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या लोकांचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील, ते बजाऊ. तौसुग वेगळे. घोळ होतो कारण दोघंही फिलिपिन्सच्या दक्षिणेला सुलू बेटांवर राहतात, दोघांतही बहुतेक मुसलमान, त्यात 'तौसुग'चा अर्थच 'प्रवाहाची माणसं', मग वाटणारच ना की होडीत राहणारे हेच.

नाव फोडून बघा. तौ म्हणजे माणूस, सुग म्हणजे समुद्राचा प्रवाह. फिलिपिन्सच्या मधल्या बेटांवरच्या बिसाया भाषांत प्रवाहाला 'सुलोग' म्हणतात, त्यातला ल गळून सुग झालं, आणि सुलू काय किंवा मलेशियात साबाला याच लोकांना म्हणतात ते 'सुलुक' काय, सगळी एकाच शब्दाची भावंडं.

खरी गंमत पुढे आहे. तौसुगांची भाषा शेजारच्या बजाऊंशी नाही, तर मिंडानाओ या दक्षिणेतल्या मोठ्या बेटाच्या पार ईशान्य टोकाच्या बुतुआन-सुरिगावच्या बोलींशी जुळते, म्हणजे मूळ तिकडचं. एक मत असं की सुलूचे सामा व्यापारी बुतुआनला जायचे, तिथल्या बायका करून आणायचे, आणि पोरं आईची भाषा बोलायला लागली. मला हे पटतं, 'मातृभाषा' म्हणतात ते उगाच नाही.

सामा म्हणजे कोण, तर बजाऊच, स्वतःला ते सामा म्हणवतात. त्यांच्या भाषेचं नातं अभ्यासक बोर्निओच्या बारितो नदीकडे नेतात. लेपा नावाच्या होडीतच पूर्वी त्यांचा सगळा संसार असायचा, आणि 2018 च्या एका अभ्यासात इंडोनेशियातल्या बजाऊंची प्लीहा (दम धरून बुडी मारताना कामी येणारा पोटातला अवयव) शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा साधारण 50 टक्के मोठी निघाली!

तौसुगांकडे मात्र सत्ता होती. पंधराव्या शतकापासून सुलूची सल्तनत त्यांची, गादी होलो बेटावर. मोती आणि समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव) चीनला जायची, बुडी मारून ती काढण्यात बजाऊ पुढे, पण जोर सुलतानाच्या दरबाराचा. होडीवाल्यांना तौसुग 'लुवाआन' म्हणायचे, म्हणजे थुंकून टाकलेले. शेजार असा होता.

या लोकांसाठी 'मोरो' असंही ऐकू येतं, पण हे तर जमातीचं नाव नाहीच, स्पॅनिशांनी तिथल्या मुसलमानांना सरसकट चिकटवलेलं, पुढे 1970 च्या दशकात त्या मुसलमानांनीच ते अभिमानाने मिरवलं.

आणि तौसुगांचा 'तियुला इतुम' ऐकलाय का? खोबरं जाळून कोळसा करायचा, तो वाटून बीफच्या रश्शात, रस्सा काळाकुट्ट. आपण वाटणाचं खोबरं भाजताना जिथे घाबरून गॅस बंद करतो ना, तिथून त्यांचं सुरू होतं.