पाडव्याची गाडी आणि काचेवरचा तेलकट थर

पाडव्याच्या सकाळी शोरूमबाहेर गाडीला हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं, नारळ फुटतो. मग पहिल्यांदा दार उघडलं की घरातला प्रत्येक जण एकदा तरी खोल श्वास घेतो. नव्या गाडीचा वास! माझ्या मावसभावाने अकोल्यात गाडी घेतली तेव्हा मीही तो तसाच छाती भरून घेतला होता. सीटवरचं प्लॅस्टिक काढू नका, मुलं लगेच घाण करतील, असं मावशीने बजावलं आणि प्लॅस्टिक तसंच राहिलं.

मेच्या मध्यावर पुन्हा गेलो. संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून निघालो आणि समोरची काच एकदम दुधाळ दिसायला लागली. भावाने पाणी मारलं, वायपर फिरवला, काही फरक नाही. गाडी कडेला घेऊन मी काचेवर आतल्या बाजूने बोट ओढलं. बोटाला किंचित चिकट, तेलकट काहीतरी लागलं आणि काचेवर बोटाच्या रुंदीचा स्वच्छ पट्टा उमटला. गाडी जेमतेम दीड महिन्याची होती आणि तिच्यात कोणी कधी सिगरेट ओढली नव्हती.

तो थर आला होता डॅशबोर्डमधून. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मुळात कडक असतं. नळाचे पाइप त्याचेच. त्याला कातड्यासारखं मऊ करायचं तर त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळावी लागतात. ही द्रव्यं प्लॅस्टिकला रासायनिक बंधांनी जोडलेली नसतात, नुसती मुरलेली असतात. उन्हाने डॅशबोर्ड तापला की ती हळूहळू वाफ होऊन सुटतात आणि काच थंड झाली की तिच्यावर बसतात, कढईवरच्या झाकणाला आतून पाणी धरावं तशी. वाहन उद्योगाला हे चांगलं ठाऊक आहे. त्याला ‘फॉगिंग’ म्हणतात आणि त्याची ठरलेली चाचणीही आहे: प्लॅस्टिकचा तुकडा 100 अंशांवर तापवायचा, वर थंड काच ठेवायची आणि तिची चमक किती मंदावली ते मोजायचं.

काचेवर बसतात ती जड द्रव्यं. हलकी द्रव्यं हवेतच राहतात, आणि नाकाला जाणवतो तो वास बराचसा त्यांचाच. सीटचा पॉलियुरेथेन फोम, गालिचा, छताचं अस्तर, रेक्झिन, रंग आणि हे सगळं चिकटवणारे गोंद, प्रत्येकातून काही ना काही बाहेर पडत असतं. टोल्यूइन, झायलीन, स्टायरीन, फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड ही त्यातली नेहमीची नावं. यातल्या फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकं जड होणं हे त्याचे रोजचे उपद्रव. ज्यांना एरवीही गाडी लागते, त्यांना नव्या गाडीत जास्त मळमळू शकतं.

वास महिनोन् महिने का टिकतो? गोंदात, रंगात उरलेला द्रावक पहिल्या काही आठवड्यांत बराचसा उडून जातो. पण फोमच्या पोटात अडकलेल्या रेणूंना पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो, आणि काही पदार्थ तर उष्णता आणि ओलाव्याने थोडे थोडे मोडत नवीन फॉर्माल्डिहाइड तयार करत राहतात. म्हणून वास कमी झाला तरी उत्सर्जन थांबलं असं होत नाही. आपलं नाक फसवं, दहा मिनिटांत सरावतं.

खरा कळीचा मुद्दा आहे ऊन. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी भर उन्हाळ्यात उभ्या गाड्या मोजल्या आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेर 38 अंशांच्या वर तापमान असताना उन्हातल्या गाडीची हवा तासाभरात सरासरी 47 अंशांवर गेली आणि डॅशबोर्ड 69 अंशांवर. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड 48 वरच राहिला. द्रव्याची वाफ होण्याचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत नाही, झपाट्याने वाढत जातो. त्यामुळे त्या 21 अंशांचा फरक केवळ हात पोळण्यापुरता राहत नाही.

एप्रिल 2023 मध्ये बीजिंग आणि हार्वर्डच्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यांनी एक नवी गाडी उन्हाळ्यात 12 दिवस उघड्यावर, काचा बंद करून ठेवली आणि आतल्या हवेतली 20 रसायनं मोजली. फॉर्माल्डिहाइड चीनने गाडीतल्या हवेसाठी घातलेल्या मर्यादेपेक्षा सुमारे 35 टक्के वर गेलं, अ‍ॅसिटाल्डिहाइड सुमारे 60 टक्के. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की, रसायनांचा अंदाज हवेच्या तापमानापेक्षा आतल्या वस्तूंच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून जास्त नेमका बांधता आला. म्हणजे एसी लावून हवा गार झाली तरी डॅशबोर्ड तापलेला असेतो तो सोडायचं ते सोडतच राहतो.

आता त्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाबद्दल. ‘गाडीत बसल्याबरोबर एसी लावू नका, डॅशबोर्डमधून बेंझीन सुटतं, उन्हात 4,000 मिलिग्रॅमपर्यंत जातं’ हा मजकूर गेली कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात फिरतो. बेंझीन हेही कर्करोग घडवणारं एक रसायन. त्यात सुरक्षित मर्यादा ‘दर चौरस फुटाला’ दिलेली असते. हवा क्षेत्रफळाने मोजत नाहीत, घनफळाने मोजतात. इथेच शंका यायला हवी. लहान मोटारीच्या आत साधारण 3 घनमीटर हवा मावते. 4,000 मिलिग्रॅम बेंझीन म्हणजे दर घनमीटरला 1,300 मिलिग्रॅम, चीनच्या मर्यादेच्या सुमारे 12,000 पट! शिवाय गाडीतल्या बेंझीनचा मोठा वाटा पेट्रोलचा आणि रस्त्यावरच्या धुराचा असतो, डॅशबोर्डचा नव्हे. आकडे खोटे, पण काचा उघडा हा सल्ला खरा. खोट्या आकड्यांचा तोटा असा की ते उघडे पडले की लोक सल्लाही सोडून देतात.

भीतीला माप असावं म्हणून म्युनिकमधला 2007 चा एक प्रयोग सांगतो. एक नवी आणि एक तीन वर्षं जुनी गाडी प्रखर दिव्यांखाली 65 अंशांपर्यंत तापवली. नव्या गाडीच्या हवेत दर घनमीटरला जवळपास 11 मिलिग्रॅम सेंद्रिय बाष्पं भरली, जुनीत 1 मिलिग्रॅमहून थोडी जास्त. या हवेतली द्रव्यं प्रयोगशाळेतल्या पेशींवर सोडली तर पेशी मेल्या नाहीत. मात्र नव्या गाडीच्या हवेने अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया किंचित वाढवली. दमा किंवा अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नियमांच्या बाबतीत आशिया पुढे आहे. जपानमध्ये नव्या घरांच्या हवेने लोक आजारी पडू लागले तेव्हा आधी घरांसाठी मर्यादा आल्या. मग 2005 मध्ये तिथल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेने त्याच मर्यादा गाड्यांना लावायचं आपणहून जाहीर केलं. चीनने 2012 पासून आठ रसायनांच्या मर्यादा घालून दिल्या. चिनी ग्राहकाला तर हा वास मुळीच खपत नाही. तिथे फोर्ड कंपनीकडे आतल्या वस्तू हुंगून पारखणारी माणसं नोकरीला आहेत, आणि गाडीने स्वतः उन्हात जाऊन, काचा खाली करून वास घालवावा अशा कल्पनेचा या कंपनीचा पेटंट अर्जही 2018 मध्ये उजेडात आला. आपण ज्यासाठी खोल श्वास घेतो, ते घालवायला तिकडे इतकी खटपट! पण चीनच्या चाचणीतही एक मोठी फट आहे: ती 25 अंशांवर होते. अकोल्याच्या मे महिन्यात उभी गाडी 25 अंशांवर कधीच नसते.

प्लॅस्टिक मावशीच्या देखतच काढलं. खालच्या फोममधली बाष्पं बाहेर पडायचा रस्ता त्यानेच अडवला होता. काच आतून ओल्या कपड्याने पुसली, कपडा पिवळट झाला. आता भाऊ बसण्याआधी चारही दारं दोन मिनिटं उघडी ठेवतो, पहिलं किलोमीटरभर काचा अर्ध्या खाली असतात आणि आतलीच हवा फिरवणारं एसीचं बटण तोवर बंद असतं. ट्रकच्या धुरामागे अडकलो तर तेच बटण लावणं शहाणपणाचं. सुगंधी डबी मात्र मी काढायला लावली. लिंबाच्या वासाचं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्माल्डिहाइडच बनवतं.

मला काळजी वाटते ती गाडीवाल्यांपेक्षा गाडी चालवणाऱ्यांची. आपण तास-दीड तास आत असतो. टॅक्सीचा चालक दहा-बारा तास, आणि दुपारची झोपही तिथेच काढतो. बीजिंगच्या त्या अभ्यासातही चालकांचा धोका प्रवाशांपेक्षा कितीतरी जास्त निघाला, तो याच तासांमुळे. परवा रेल्वे स्टेशनबाहेर रांगेतल्या एका नव्या टॅक्सीत सीट मागे पाडून, काचा पूर्ण चढवून एक जण झोपला होता. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. मी काचेवर टकटक केली. तो दचकून उठला, भाडं आलं असं वाटून त्याने काच खाली केली, आणि आतल्या हवेचा तो गरम, गोडसर झोत माझ्या तोंडावर आला.