०.९८ जुळले, म्हणजे नेमके काय?

प्रकाश टाकून पदार्थ ओळखणारे, हातात मावणारे रामन उपकरण पांढऱ्या भुकटीवर धरायचे, काही सेकंद थांबायचे, की पडद्यावर पदार्थाचे नाव येते आणि शेजारी आकडा : ०.९८. ‘म्हणजे पदार्थ ९८ टक्के शुद्ध’ किंवा ‘तोच असण्याची शक्यता ९८ टक्के’ असा अर्थ सर्रास लावला जातो. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

हे उपकरण ज्यावर चालते, तो १९२८ साली भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी दाखवलेला परिणाम मुळात फार क्षीण आहे. एकरंगी प्रकाश टाकला, तर विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी नगण्य अंश अणूंच्या कंपनांशी ऊर्जेची देवाणघेवाण करून रंग बदलून येतो. हा बदल किती, ते अणू आणि त्यांचे बंध ठरवतात. कोणत्या बदलाचा प्रकाश किती आला, याचा आलेख म्हणजे वर्णपट आणि त्यातले उंचवटे म्हणजे शिखरे. हिऱ्याचे शिखर १३३२ प्रति सेंटीमीटरला (हे बदल मोजण्याचे एकक) येते, सिलिकॉनचे सुमारे ५२० ला.

आता जुळवणी. वर्णपट म्हणजे, समजा, हजार आकड्यांची रांग. ही रांग हजार मितींच्या अवकाशातला एक बाण मानायची. यंत्रात साठवलेल्या संग्रहातल्या प्रत्येक ज्ञात पदार्थाचाही असा बाण असतो. दोन रांगांतले समोरासमोरचे आकडे गुणायचे, बेरीज करायची आणि दोन्ही बाणांच्या लांबीने भागायचे. उत्तर येते ते दोन बाणांमधल्या कोनाचे कोसाइन! लांबीने भागल्यामुळे प्रकाश कमी-जास्त असल्याने बिघडत नाही, फक्त आकार तपासला जातो. ०.९८ म्हणजे सुमारे साडेअकरा अंशांचा कोन. काही सॉफ्टवेअर या कोसाइनचा वर्ग घेतात. मग त्याच जोडीला ०.९६ मिळतात.

खरी गफलत प्रतिदीप्तीमुळे, म्हणजे पदार्थाने शोषून पुन्हा सोडलेल्या प्रकाशामुळे, होते. तिचा रुंद फुगवटा शिखरांना झाकून टाकतो आणि मग दोन वेगळे पदार्थ केवळ फुगवट्यामुळे छान ‘जुळतात’. यावरचा उपाय मला फार आवडतो : मूळ आकड्यांऐवजी लगतच्या आकड्यांमधले फरक घ्यायचे. फुगवटा सावकाश चढतो, म्हणून त्याचे फरक जवळजवळ शून्य होतात. अणकुचीदार शिखरे मात्र टिकतात.

तरीही वर्णपट डोळ्यांनी पाहावाच लागतो. कॅल्साइट आणि ॲरागोनाइट ही दोन्ही खनिजे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. दोघांचे मुख्य शिखर १०८५ च्या आसपासच. निर्णय होतो तो लहान शिखरांवर : कॅल्साइटला २८१ आणि ७११, ॲरागोनाइटला साधारण २०६ आणि ७०५.

शिवाय यंत्र संग्रहातला सर्वांत जवळचा बाण शोधते. खरा पदार्थ संग्रहात नसला, तरी कोणीतरी पहिला येतोच. शुद्ध मिठाला तर ठळक रामन शिखरेच नसतात. ते पॉलिथीनच्या पिशवीतून तपासले, तर यंत्राला दिसतात ती पॉलिथीनची शिखरे.