कमकुवत पेटंट आणि पेटंट ट्रोल: लोकांनी जमवलेला पुरावा नेमका कोणाला हरवतो?

कमकुवत पेटंट आणि पेटंट ट्रोल यांची नावे बहुधा एका दमात घेतली जातात, आणि शोध आधीच ज्ञात होता याचे जुने पुरावे लोकांनी मिळून शोधले की दोघांचाही बंदोबस्त होतो, असा समज त्यातूनच रूढ होतो. वास्तविक कमकुवतपणा हा पेटंटमधला दोष आहे, तर ट्रोलगिरी ही पेटंटधारकाची वागणूक आहे. जे आधीपासून ज्ञात होते तेच नवे म्हणून नोंदवले गेले, तर ते पेटंट कमकुवत. स्वतः काहीही न बनवता केवळ खटल्याच्या धाकावर परवानाशुल्क उकळणारा तो ट्रोल.

ट्रोल नसतानाही पेटंट कमकुवत असू शकते. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या भारतातील वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. हळदीचा हा गुण घरोघरी ठाऊक आहे, एवढे सांगून भागणार नव्हते. म्हणून जुने ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा लेख असे छापील संदर्भ मांडावे लागले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

पर्सनल ऑडिओ या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात मात्र दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. २०१२ मध्ये मिळालेल्या, पण १९९६ च्या मूळ अर्जाचा आधार सांगणाऱ्या पेटंटच्या जोरावर तिने पॉडकास्ट करणाऱ्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली. तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने लोकवर्गणी गोळा केली, जुने पुरावे कळवण्याचे जाहीर आवाहन केले आणि २०१३ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीची मागणी केली. या प्रक्रियेत केवळ जुनी पेटंटे आणि छापील प्रकाशने ग्राह्य धरली जातात, कोणाची आठवण चालत नाही. सीएनएनच्या बातम्या इंटरनेटवरून पोहोचवण्याविषयीचा एमआयटीतील १९९५ चा प्रबंध आणि कॅनडाच्या सीबीसी रेडिओच्या इंटरनेट प्रयोगावरील लेख, असे पुरावे तिथे कामी आले. २०१५ मध्ये आव्हान दिलेले ३१ ते ३५ क्रमांकांचे दावे (म्हणजे नेमक्या कशावर हक्क आहे हे सांगणारी पेटंटमधली कलमे) अवैध ठरले, आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

पडले ते पाच दावे, कंपनी नव्हे, हे इथे विसरू नये. ट्रोलच्या हातात खरोखर नवे आणि भक्कम पेटंट असेल, तर हजारो लोकांनी शोध घेऊनही हाती काही लागणार नाही. तिथे उपयोगी पडतात ते खटल्यांचे नियम: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हरलेल्या पक्षाकडून वकिली खर्च वसूल करणे सोपे केले, आणि २०१७ मध्ये सोयीचे न्यायालय निवडून खटले भरण्याला आळा घातला. लोकांची मेहनत मोलाची आहे, म्हणूनच ती कमकुवत दाव्यांवर, आणि शक्य असेल तिथे पेटंट मंजूर होण्यापूर्वीच खर्ची पडावी, असे मला ठामपणे वाटते. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम २५(१) नुसार अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर मंजुरीपूर्वी कोणतीही व्यक्ती लेखी विरोध नोंदवू शकते.