सोलापूरचा कामगार दुचाकीवर का गेला

गाडी घ्यायची की सिटी बसची वाट बघायची, हा प्रश्न सोलापूरच्या कामगाराला फार उशिरा पडला. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, मागून आलेल्या लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल. त्यांचे बहुतेक कामगार जवळपासच्या चाळींत राहायचे. भोंगा झाला की पायी निघायचं. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली समाजाच्या विणकरांना तेवढंही नव्हतं, कारण माग घरातच.

जुनी गिरणी साठच्या दशकात बंद पडली, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही. त्याच सुमाराला, १९९२ च्या हद्दवाढीत, शहर ३३ चौरस किलोमीटरवरून एकदम १७८ वर गेलं. माणसं काही पाचपट झाली नाहीत. वस्ती विरळ, रस्ते लांब, आणि काम अक्कलकोट रोड एमआयडीसी ते पुणे रस्त्यावरची चिंचोळी एमआयडीसी असं पांगलेलं. अशा शहरात बस भरून चालवणं कठीणच. त्यात कमी पेट्रोल पिणाऱ्या १०० सीसीच्या गाड्या हप्त्यावर मिळू लागल्या. रात्रपाळीच्या माणसाने आणखी काय करायचं होतं?

महापालिकेच्या परिवहन उपक्रमाला जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून नव्या बस मिळाल्या खऱ्या, पण चेसी क्रॅकच्या, म्हणजे सांगाड्याला तडे गेल्याच्या, वादात त्यातल्या कित्येक डेपोतच उभ्या राहिल्या. उरलासुरला भरवसाही तिथे उडाला, असं माझं मत.

हे सगळं झालं ते मुख्यतः पुरुषांचं. विडी कामगार बाईकडे गाडी कुठली? हजार विड्यांवर मजुरी. वळलेला माल विडी कारखान्याच्या ब्रँचला द्यायचा, पान-तंबाखू घेऊन परत यायचं. जुन्या वस्तीत हे पायी जमायचं. माकपचे कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने शहराबाहेर कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये १०,००० विडी कामगार महिलांना हक्काची घरं मिळाली. २०२४ मध्ये रे नगर या असंघटित कामगारांच्या वसाहतीची पहिली १५,००० घरंही तिथेच वाटली गेली. भाड्याच्या खोलीतून सुटका झाली, ही मोठीच गोष्ट. पण दवाखाना, बाजार, कॉलेज शहरात राहिलं, दहा-बारा किलोमीटरवर. बस चुकली तर सीटवर चालणारी रिक्षा. तीही भरल्याशिवाय हलत नाही, आणि तेवढ्या वेळाच्या विड्या बुडतात.

केंद्राच्या २०२३ च्या पीएम ई-बस योजनेत सोलापूरचं नाव आहे. बस किती येणार याची चर्चा खूप झाली. कुंभारीहून पहिली गाडी किती वाजता सुटणार आणि शेवटची परत कधी येणार, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही.